‘पुढचा भाग कधी?’च्या पलीकडे: कथामालिकेला अभिप्राय कसा द्यावा

माझ्या कथामालिकेच्या सातव्या भागाखाली एका वाचक बाईंनी लिहिलं होतं, "जिना उतरताना आईंनी आज कठड्यावरून हात फिरवला नाही. रोज फिरवायच्या. तिथेच मला कळलं, त्या हे घर सोडायला तयार झाल्यात."

बडोद्याच्या दांडिया बाजारातला एक जुना वाडा विकायला निघतो, त्याची ती गोष्ट. आई कठड्यावरून हात फिरवत उतरते, हे पहिल्या तीन भागांत मीच लिहिलं होतं. सातव्या भागात ते लिहायचं राहून गेलं होतं, काही ठरवून नाही. त्या बाईंनी त्या राहून गेलेल्या हातातून जो अर्थ काढला, तो माझ्या मनातल्या शेवटापेक्षा खरा निघाला. आठवा भाग मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

त्याच भागाखाली इतरही पुष्कळ प्रतिक्रिया होत्या. "खूप छान", "अप्रतिम", "पुढचा भाग कधी?", जोडलेले हात, गुलाबाची फुलं. त्यांनीही आनंद झाला. पण आठवा भाग लिहायला बसले तेव्हा कामाला आल्या त्या बाईंच्या तीन ओळी.

बडोद्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत रात्री जेवणं उरकली की कुणी ना कुणी मोबाईलवर कथामालिका वाचत असतं. प्रतिलिपी, मातृभारती अशा ॲपवर वाचायचं आणि झोपायचं. अभिप्राय लिहा म्हटलं की म्हणतात, "आम्ही काय समीक्षक आहोत? आम्हाला काय कळतं?" हा लेख त्यांच्यासाठी आहे.

चालू मालिका अजून चुलीवर असते

छापलेल्या पुस्तकाबद्दल तुम्ही काहीही म्हणालात तरी पुस्तक बदलत नाही. मालिकेचं तसं नाही. लेखकाने दहावा भाग टाकला असेल तेव्हा अकरावा डोक्यात घोळत असतो आणि विसाव्याचा पत्ताही नसतो. आमटी चुलीवर असतानाच मीठ कमी आहे हे सांगितलं तर घालता येतं, तसं हे. म्हणून चालू मालिकेला दिलेल्या अभिप्रायाचं मोल वेगळं आहे आणि जबाबदारीही वेगळी.

मराठीला ‘क्रमशः’ नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने येत गेल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट बघत. तेव्हा लेखकाला काही कळवायचं तर पत्र लिहून टपालात टाकायचं. आता भाग संपतो तिथेच, त्याच पानावर, लिहायची जागा असते. आणि लिहिणारे बहुतेक हौशी असतात: कुणी बँकेत, कुणी शिकवण्या घेणारं, कुणी सगळं घर झोपल्यावर ओट्याजवळच्या दिव्यात टाइप करणारं. त्यांना संपादक नसतो. पहिला वाचक आणि संपादक दोन्ही तुम्हीच.

पायरी १: मालिका कुठवर आली आहे ते बघा

पहिल्या भागापासून वाचा. मधूनच पंधरावा भाग उघडून "काही कळलं नाही" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्याचा लेखकाला काही उपयोग नाही. मालिका पूर्ण झाली आहे की चालू आहे, शेवटचा भाग कधी आला, सुरुवातीला लेखकाने काही टीप लिहिली आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. पुष्कळ लेखक तिथेच सांगतात की दर रविवारी भाग येईल, किंवा ही पहिलीच कथा आहे, चुका कळवा. ज्याने ‘चुका कळवा’ म्हटलंय त्याला मोकळेपणाने कळवावं.

टोपणनावावरून ताई की दादा हे ठरवू नका. माहीत नसेल तर नुसतं "लेखक" किंवा "तुम्ही" म्हटलेलं बरं.

पायरी २: थांबलात कुठे ते टिपून ठेवा

ही सवय मला आजोबांकडून लागली. ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं आणत. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून बडोदे संस्थानात वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या, त्या काळाबद्दल आजोबा फार अभिमानाने बोलायचे. पुस्तक वाचताना जिथे थांबावंसं वाटलं, तिथे ते बसचं जुनं तिकीट घालून ठेवत. परत करायला निघाले की वाटेत मला एकेक तिकीट काढून दाखवायचे: इथे मला त्या माणसाचा राग आला, इथे मी दोन पानं गाळली, इथे दिवा घालवून बसलो. पुस्तक चांगलं की वाईट हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पण ते ऐकून ते पुस्तक मला वाचावंसं वाटायचं की नाही, हे मला पक्कं कळायचं.

मोबाईलवर तिकीट घालता येत नाही, पण स्क्रीनशॉट घेता येतो, नोंदवहीत दोन शब्द लिहिता येतात. थांबण्याच्या जागा साधारण चार प्रकारच्या असतात. घशात काहीतरी अडकलं. हसू आलं. कंटाळा आला आणि बोट भराभर खाली सरकलं. किंवा कोण कुणाला बोलतंय तेच कळेना म्हणून मागे जावं लागलं. यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या जागा लेखकाला कुणीच सांगत नाही, आणि त्याच त्याला सर्वांत जास्त हव्या असतात.

पायरी ३: आता लिहा, आणि जागेपासून सुरुवात करा

अभिप्रायाचं पहिलं वाक्य ‘कुठे’ यावर असावं. बाकीचं आपोआप येतं. उदाहरणं देते, सगळी मी इथे रचलेली आहेत.

"छान भाग" याऐवजी: "सासूबाईंनी डब्यात लोणचं जास्तीचं घातलं आणि काही बोलल्या नाहीत, तिथे मला त्यांचा राग यायचा थांबला."

"बोअर झालं" याऐवजी: "लग्नाच्या खरेदीचं वर्णन सुरू झाल्यावर मी पुढे सरकवत गेले. पुन्हा मन लागलं ते अनिकेतचा फोन आला तेव्हा."

"हे पटत नाही" याऐवजी: "कालपर्यंत तिला एकटीने बँकेत जायची भीती वाटत होती. आज ती थेट वकिलाकडे गेली. मधे काय झालं ते मला दिसलं नाही."

तिन्हींत तुम्ही स्वतःबद्दल बोलताय. मला राग यायचा थांबला, मी पुढे सरकवलं, मला दिसलं नाही. यावर वाद होऊ शकत नाही, कारण तुमच्या मनात काय झालं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? "तुम्हाला संवाद लिहिता येत नाहीत" हे मात्र माणसावरचं विधान आहे. ते वाचून नवा लेखक संवाद सुधारत नाही, लिहायचं थांबवतो. हे मी जवळून बघितलंय. माझ्यासोबत लिहायला सुरुवात केलेल्या एकीने अशाच एका वाक्यानंतर अकराव्या भागावर मालिका सोडली. तिची गोष्ट पुढे काय होणार होती, हा प्रश्न मला अजून पडतो.

लांब लिहायची गरज नाही. तीन वाक्यं पुरतात: एक जागा जिथे मन लागलं, एक जागा जिथे सुटलं, आणि पुढच्या भागात तुम्हाला कशाची उत्सुकता आहे. यातलं मन सुटलेलं वाक्य प्रत्येक भागाला सापडेलच असं नाही. ओढूनताणून दोष काढू नका.

पायरी ४: चूक सांगायची असेल तर

मालिका महिनोन्महिने चालते, त्यामुळे धागे निसटतातच. भाग ३ मध्ये आत्याला मूलबाळ नसतं, भाग १४ मध्ये तिचा मुलगा अमेरिकेहून येतो. पात्राचं आडनाव बदलतं. गुरुवारी सुरू झालेला प्रसंग दुसऱ्या दिवशी सोमवारी संपतो. असं दिसलं की भागाचा क्रमांक देऊन कळवा: "भाग ३ मध्ये असं होतं, भाग १४ मध्ये तसं आहे, माझं वाचताना चुकलं का?" ऑनलाइन भाग दुरुस्त करता येतो, त्यामुळे हे सांगणं वाया जात नाही.

तुम्हाला माहीत असलेल्या गावाबद्दलची चूकही सांगावी. बडोद्यावर लिहिलेल्या कथेत नायिका विश्वामित्रीच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसली, तर इथला माणूस दचकतोच, कारण त्या नदीत मगरी आहेत. फतेगंजहून मांडवीला कुणी पाच मिनिटांत चालत पोचत नाही. गरबा टाळ्यांचा, टिपऱ्या घेऊन खेळतात तो रास. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे कुठून कळणार? "मी बडोद्यात राहते, म्हणून सांगते" अशी सुरुवात केली की सांगण्याला मायेचा सूर लागतो.

शुद्धलेखनाच्या चुका मात्र सगळ्यांसमोर लिहू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ॲपमध्ये खासगी संदेशाची सोय असेल तर तिथे दोन-तीन कळवा, पूर्ण यादी नको. एक चूक अशी आहे की ती सांगितल्याचा फार उपयोग होतो, कारण पुष्कळांना ती दिसतच नाही: ‘दुसऱ्या’ऐवजी ‘दुसर्या’, ‘बऱ्याच’ऐवजी ‘बर्याच’. साधा र घेऊन य जोडला की त्याचा रफार होऊन डोक्यावर बसतो. खाली नुक्ता असलेला ऱ घेतला, मग पाय मोडला आणि य जोडला, की ‘ऱ्य’ नीट उमटतो. हे मला एका वाचकाने सांगितलं, तोवर माझे सहा भाग ‘दुसर्या’ घेऊन फिरत होते.

बोलीला चूक म्हणू नका

यावर जरा थांबते, कारण आपल्याकडे याचा त्रास फार होतो. बडोद्याच्या मराठीत गुजराती मुरलेली आहे. आमच्या घरात कुणी "मला हे फावतं" म्हणालं तर त्याचा अर्थ हे मला जमतं, सोयीचं पडतं. पुण्याच्या वाचकाच्या कानाला फावणं म्हणजे आयती संधी साधणं, चोराचं फावतं तसं. घराबाहेरच्या ओट्याला ओटला म्हणणाऱ्या आज्या इथे आहेत. इथल्या लेखकाने पात्राच्या तोंडी हे शब्द घातले की खाली लगेच "मराठी सुधारा" असं येतं. तसं म्हणणाऱ्याला त्या पात्राचं घर दिसलेलंच नसतं.

हाच न्याय आपणही लावायला हवा. कोल्हापूरकडच्या कथेत मुलगी "मी आलो" म्हणाली तर तिथे लिंग चुकलेलं नाही. तिकडे बायका तसं बोलतात. नागपूरकडचा माणूस "काय करून राहिला बे" म्हणणारच. शब्द अडला तर अर्थ विचारा, दुरुस्त करू नका. निवेदनात बोली आणि प्रमाणभाषा यांची सरमिसळ खटकली तर तेवढं सांगा, आणि नेमकं कुठलं वाक्य खटकलं तेही.

‘पण माझंच मराठी कच्चं आहे’

बडोद्यातल्या कितीतरी मुलामुलींचं शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात झालंय. आजीचं मराठी कानात आहे, हाताला लिहायची सवय नाही. वाचतात सगळं, लिहायची वेळ आली की लाजतात. काही जण मराठी अभिप्राय गुजराती लिपीत लिहितात. तो नागपूरच्या लेखिकेला वाचता येत नाही. काही इंग्रजी अक्षरांत लिहितात, तो वाचता येतो पण डोळ्यांना त्रास होतो.

यावर दोन सोपे उपाय आहेत. कीबोर्डची भाषा हिंदी ठेवली असेल तर ती मराठी करा. हिंदीच्या कीबोर्डवर ळ सहज सापडत नाही, मग ‘बाळ’चं ‘बाल’ होतं आणि ‘डोळे’चं ‘डोले’. दुसरा उपाय, कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. अक्षरं आपोआप उमटतात. पूर्णविराम तेवढे हाताने द्या आणि पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या. माझ्या एका भाचीने असाच बोलून अभिप्राय द्यायला सुरुवात केली. तिच्या वाक्यात गुजराती शब्द येतात आणि तिचे अभिप्राय लेखक जपून ठेवतात, कारण ती खरं बोलते.

२०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं होतं. मांडवातल्या गर्दीत माझ्या शेजारी बसलेल्या बाई एका वाक्यात मराठी आणि पुढच्या वाक्यात गुजराती बोलत होत्या आणि सगळी भाषणं मन लावून ऐकत होत्या. तुम्ही त्या गर्दीतले आहात, एवढं धरून लिहा.

पायरी ५: तारे देताना हिशेब लक्षात घ्या

ॲपवर वाचक कथेला एक ते पाच तारे देतात, आणि कथेच्या नावापुढे दिसते ती त्यांची सरासरी. एका नव्या लेखिकेच्या कथेला पाच जणांनी पाच-पाच तारे दिले आणि सहाव्याने "भाग फार छोटा आहे" म्हणून एकच दिला, तर सरासरी ५ वरून ४.३ वर येते. दोनशे जणांनी पाच तारे दिलेल्या कथेला तोच एक तारा लागला तर ती ४.९८ राहते. म्हणजे फटका नव्यालाच बसतो. भाग छोटा वाटला तर ते शब्दांत सांगा. तारे कथेसाठी असतात. भाग उशिरा आला, नायिकेने चुकीच्या मुलाशी लग्न केलं, यासाठी नव्हेत. आणि सगळ्यांना डोळे मिटून पाचही देऊ नका, मग त्या पाचांना अर्थ उरत नाही.

पायरी ६: पुढच्या भागाची मागणी, आणि रहस्य

"पुढचा भाग लवकर टाका" यात प्रेम असतं, मला ठाऊक आहे. पण रोज वीस जणांकडून तेच आलं की ते ऑफिसातल्या साहेबाच्या फोनसारखं वाटायला लागतं. घाईत लिहिलेला भाग तुम्हालाही आवडत नाही. त्याऐवजी कशाची वाट बघताय ते सांगा: "आजोबांनी ते पत्र वाचलं की नाही, हे कळेपर्यंत मला चैन पडणार नाही." यात घाईही पोचते आणि कुठला धागा वाचकाला धरून ठेवतोय हेही लेखकाला कळतं. दोन-तीन महिने भाग आला नाही तर "बरे आहात ना?" एवढंच विचारावं. घरी आजारपण असतं, परीक्षा असतात.

खुनी कोण हे तुम्ही आधीच ओळखलंत तर ते खाली लिहू नका. तुमच्या मागून येणारा वाचक बरेचदा भाग वाचण्याआधी प्रतिक्रियाच वाचतो. फारच सांगावंसं वाटलं तर लेखकाला खासगीत सांगा. तो हसेल किंवा हादरेल, दोन्ही त्याच्या कामाचं. आणि "तिला मारू नका, नाहीतर वाचणार नाही" अशा अटी घालू नका. तिच्यासाठी जीव तुटतोय हे जरूर लिहा. तिचं काय करायचं हे लेखकावर सोडा.

पायरी ७: कथेबाहेर पाऊल टाकू नका

नायिकेचा घटस्फोट झाला म्हणून लेखिकेचा झालाय का, हे विचारू नये. फोन नंबर मागू नये, फोटो मागू नये, रात्री-अपरात्री खासगी संदेश पाठवू नयेत. लिहिणाऱ्या बायकांना हे इतक्यांदा सोसावं लागतं की काही जणी पुरुषी टोपणनाव घेऊन लिहितात. तसा संदेश पाठवणारा वाचक कुणी दिसला तर त्याला तिथेच, सभ्य शब्दांत थांबवणं हेही वाचकाचंच काम आहे.

आवडलेली कथा व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर दुवा पाठवा. मजकूर उचलून, नाव गाळून, खाली ‘वाचनात आलेले’ लिहून पाठवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलेल्या मजकुराचा हक्क आपोआप लिहिणाऱ्याचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. कुणाची कथा दुसऱ्याच्या नावाने फिरताना दिसली तर स्क्रीनशॉट काढून मूळ लेखकाला कळवा. माझी एक कथा चोरीला गेली होती. ती परत मिळाली ती एका वाचकामुळेच. त्याने ओळखलं ते त्या कठड्यावरच्या हातामुळे.

शेवटच्या भागाला विसरू नका

पहिल्या भागाखाली गर्दी असते, तिसाव्याखाली दोघं-तिघं. ‘समाप्त’ आलं की वाचक दुसऱ्या मालिकेकडे वळतो आणि लेखकाला कधीच कळत नाही की शेवट पोचला की नाही. पूर्ण झालेल्या मालिकेला सबंध कथेचा अभिप्राय द्यायची हीच वेळ आहे: कुठलं पात्र सोबत राहिलं, कुठला धागा सुटा राहिला, मधले कुठले भाग कमी चालले असते. इथे चार ओळी जास्त लिहा.

आज रात्री वाचायला बसाल तेव्हा आधी, तुम्ही पूर्वीच वाचून संपवलेली एखादी मालिका शोधा. शेवटचा भाग उघडा, खाली किती जणांनी लिहिलंय ते बघा, आणि तुम्हाला अजून आठवणारा तिच्यातला एक प्रसंग तिथे लिहून या.